मुकी केलेली गाडी

अण्णा, तुमची पिकअप आता वाजते. चौकात शिरली की धाब्यावरची माणसं चहाचा कप खाली ठेवून बघतात, इतकी टकटक वाजते. पहिलं हेच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर आईचे गुडघे, धाकट्याचं लग्न, माझी तब्येत यातलं काहीही विचारायच्या आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकलं असतंत आणि कपाळाला आठ्या घातल्या असत्यात. जुन्या हायवेवर तुमच्या हातची गाडी ओळखायची एकच खूण होती, ती गप्प असायची. बाकीचे मेकॅनिक गाडी दुरुस्त करायचे, तुम्ही गाडी मुकी करायचात. काम झालं की मालकाला गॅरेजबाहेर पाठ करून उभं करायचात, किल्ली फिरवायचात आणि विचारायचात, "सांग, चालू हाय का बंद?" डिझेलचं इंजिन कुठं इतकं गप्प असतं? मालकालाही ते ठाऊक असायचं, पण तो तुमच्यासाठी मुद्दाम अडखळायचा आणि तुम्ही लहान मुलासारखे खूश व्हायचात. वॉल्व्हची टकटक मात्र खरोखरच नसायची. तेवढं श्रेय तुमचं तुम्हाला.

वॉल्व्ह घासायला मी शिकले ते लोधिवलीच्या आपल्या घरात, चुलीपासून दोन हातांवर. हायवेच्या धुळीत वॉल्व्ह घासायचा नाही, एक कण मध्ये बसला की सगळी मेहनत पाण्यात, असं म्हणून तुम्ही गाड्यांचे हेड, म्हणजे इंजिनाची वॉल्व्ह बसवलेली डोकीच, गोणपाटात गुंडाळून घरी आणायचात. आई म्हणते, "भाकऱ्या थापू का तुमचं लोखंड पुसत बसू?" तुम्ही हसता आणि परातीशेजारी हेड मांडता. वॉल्व्हच्या चपट्या तोंडाला रबराची चोच असलेली काठी चिकटवायची, कडेला करडी पेस्ट लावायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी फिरवत राहायची, वॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांना घट्ट बसेपर्यंत. मग आई चूल विझवणार आणि तुम्ही हेड पालथं करून वॉल्व्हवर रॉकेल ओतणार. खाली थेंब आला नाही तर काम झालं. थेंब आला तर पुन्हा घासा. एकदा, मी दहावीत असेन, माझे तळवे भाजून निघाले होते आणि मी "झालं" म्हणून काठी खाली ठेवली. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "बघून बोलतेस का कंटाळून बोलतेस गं?" मी म्हटलं, बघून. तुम्ही रॉकेल ओतलंत. थेंब आला. तुम्ही ओरडला नाहीत, हात धुतलेत आणि माझ्यासमोर ते हेड तसंच ठेवून जेवायला बसलात. मला तुमचा इतका राग आला की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. वॉल्व्ह मात्र त्याच दिवशी पुन्हा घासला.

आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. पास झाले तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत, खिशातला तुमचा फिलर गेज काढून माझ्या हातात दिलात. पातळ पोलादी पत्त्यांचा तो जुडगा, चाकूसारखा उघडणारा. वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये फट किती ठेवली आहे ते त्यातली पत्ती सरकवून बघायचं. एक पत्ती वापरून वापरून आरशासारखी झाली होती. "आपल्या गाडीला हीच," तुम्ही म्हणालात, "हिच्यावर बसवलीस की गाडी मुकी." आणि लगेच बजावलंतही. फट जास्त राहिली तर इंजिन वाजतं, कमी राहिली तर तापल्यावर वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. पहिलं जगाला ऐकू जातं, दुसरं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून दुसऱ्याला जास्त भ्यायचं. हे माझं शहाणपण नाही, हे तुमचं वाक्य आहे, आणि ते मला पाठ होतं. एवढं ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही गेलात. मी चोवीस वर्षांची, धाकटा एकोणीसचा. पुण्यानुमोदनाला विहारात जुन्या हायवेवरचे झाडून सगळे ड्रायव्हर आले होते आणि प्रत्येकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, गाडी विकू नको हां." धाकट्याला कुणी काही सांगितलं नाही, त्याच्या हातात सरळ चावी दिली. तेव्हापासून बंद पडलेल्या गाड्या तो ओढून आणतो आणि मी दुरुस्त करते. वाटणी झाली ती अशी, मला न विचारता. दोन स्थळं आली. त्या लोकांना लग्नानंतर मी गॅरेजात नको होते आणि धाकट्याला लग्नानंतरही मी गॅरेजातच हवी होते, म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला कधी कुणी अडवलं नाही, अण्णा. भांडायला माणूस तरी हवा ना समोर. दाराला कडी नव्हतीच, पण दर वेळी उंबऱ्यापर्यंत पोचले की मागून कुणीतरी म्हणायचं, जाता जाता जरा हा आवाज ऐकून जा गं. बारा वर्षं मी आवाज ऐकत राहिले.

यंदा शिमग्याच्या सुमारास पत्र आलं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयत शिल्प निदेशक, म्हणजे मुलांना डिझेल मेकॅनिकचं काम शिकवणारी, म्हणून माझी नेमणूक झाली. परीक्षा दिल्याचं मी आईलाही सांगितलं नव्हतं. पत्र दोनदा वाचून धाकटा म्हणाला, "जा. पण गाडी ओढत नाय गं आता. तेवढी करून दे आन् जा." त्याचंही खोटं नव्हतं. तुमच्या वेळी ओढायला यायच्या त्या गाड्या म्हणजे खेळणी. आता कर्जतकडे फार्महाऊसवर येणारे लोक हत्तीएवढ्या गाड्या आणतात, बॅटरीवर चालणाऱ्या तर बघायलाच नकोत, आणि नदीकाठच्या चिखलात घालून मोकळे होतात. घाटात आपली पिकअप पहिल्या गिअरमध्ये नुसती कुंथायची. धाकट्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं ठरवून ठेवलं होतं. वेगळ्या आकाराचा कॅमशाफ्ट घालायचा, जोडीला कडक स्प्रिंगा, नवे पुशरॉड, नवे रॉकर. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा, त्याच्यावरच्या उंचवट्यांनी ठरतं वॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा. उंचवट्यांचा आकार बदलला की गाडी कमी वेगातही जोर धरते. हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण त्या दिवसांत मी सगळंच असं मोठ्याने समजावत फिरत होते. शिकवायची सवय करून घेत होते.

मी म्हटलं, सोळा वर्षांची गाडी, तिच्यात जीव ओतण्यापेक्षा विकून टाक. तो म्हणाला, "अण्णांची हाय." या दोन शब्दांपुढे या घरात अजून कुणाचं चाललेलं नाही. शेवटी सौदा ठरला तो असा. कॅमशाफ्ट मी बसवून द्यायचा आणि गाडी पूर्वीसारखी करून त्याच्या हातात द्यायची. त्याचे शब्द सांगते, "मुकी करून दे, मग तू मोकळी." आणि मीही हावरटासारखं हो म्हटलं.

पुण्याला एक म्हातारे गृहस्थ आहेत, आयुष्यभर कॅमशाफ्ट घासत आलेले. त्यांना फोनवर गाडी, घाट, ओढायचं वजन सगळं सांगितलं. त्यांनी तसा दांडा तयार करून पाठवला, सोबत हाताने लिहिलेला कागद. इंजिन उतरवून मी आठ दिवस काम केलं आणि खोटं कशाला बोलू, ते आठ दिवस मी आनंदात होते. जुना दांडा बाहेर काढून उन्हात धरला तर उंचवटे कडेने झिजलेले, त्यावर बोट फिरवताना वाटलं की तुमचाच हात हातात धरलाय. नवे पुशरॉड एकेक बसवले, स्प्रिंगा दाबताना दोनदा बोट चेमटलं. कागदावर एग्झॉस्टच्या, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या, वॉल्व्हची फट तुमच्या पत्तीच्या दीडपट लिहिली होती. मी खात्री करायला फोन लावला. ते म्हणाले, "ताई, आकार वेगळा आहे, फट तेवढीच हवी. गाडी वाजेल. वाजू द्या." मी तशीच बसवली. गाडी वाजली. आणि ओढली म्हणाल तर काय सांगू, खोपोलीच्या अलीकडच्या चढावर विटांनी भरलेला टेंपो तिने असा नेला की आतला ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडायला लागला.

धाकट्याने ओढ बघितलीच नाही, त्याने आवाज ऐकला. "हे काय लावलंस?" म्हणाला. पंक्चर काढणारे शेजारचे चाचा, तुमचे दोस्त, दाढी खाजवत आले आणि म्हणाले, "काय गं बेटी, अण्णाच्या गाडीचे दात वाजतात का थंडीनं?" धाब्यावर दोन दिवस शिलाई मशीन, शिलाई मशीन चाललं होतं. मी धाकट्याला बसवून समजावलं, कागद दाखवला. तो म्हणाला, "कागदवाल्याला अण्णा ठाव हायत का?" मी म्हटलं, त्यांना कॅम ठाऊक आहे. "मंग त्यालाच घेऊन ये ऐकायला. अशी वाजत ठेवून तू गेलीस तर लोक काय म्हणतील, पोरीला जमलं नाय म्हणून पळाली. मी नाय घेणार ताब्यात." ताब्यात म्हणाला, सख्खा भाऊ. चार दिवस आमची हीच वाजावाजी. तिकडे रुजू व्हायची मुदत महिन्याच्या आत संपणार होती, आणि मला स्वप्नात त्या आयटीआयचं फाटक दिसायचं, जे मी पाहिलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला. पिकअप अंगणात उभी आहे. मी झाकणाचे नट काढते, तुमची ती चकचकीत पत्ती उघडते आणि आठही वॉल्व्ह तिच्यावर बसवते. इतक्या सफाईने मी फार दिवसांत काम केलं नव्हतं. किल्ली फिरवली, गाडी गप्प. धाकटा डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आला, डोळे मिटून अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "चालू हाय का बंद?" आणि इतका हसला, अण्णा, इतका हसला की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. संध्याकाळी त्याने माझ्यासाठी पेढे आणले. मी ते खाल्ले.

ही चूक नव्हती. लोक ऐकतील तर म्हणतील, वडिलांच्या मायेपोटी पोरीने जुनं माप वापरलं, हळवी आहे बिचारी. मला माप ठाऊक होतं, कागद माझ्याच कपाटात होता आणि तुमचं वाक्य मला पाठ होतं. मी मनाशी म्हटलं की बारा वर्षं याच पत्तीवर गाडी चालली, म्हाताऱ्याने जरा जास्तच लिहिलं असेल, काही दिवस तरी निघतील, मग मी तिकडून फोनवर सांगेन की आता फट वाढव. तुमचं नाव पुढे करून मी माझी सुटका करून घेतली. तुमच्या पत्तीत काही खोट नव्हती, ती तुमच्या कॅमची होती.

त्यानंतर मी बॅग भरायला घेतली. एकच बॅग, पण ती मी रोज भरायचे आणि रोज उपसायचे. बारा-तेरा दिवस गेले असतील, सकाळी थंड गाडी चालू करताना एक ठोका चुकायला लागला. धाकट्याच्या लक्षातही आलं नाही, तो मोबाइलवर बोलत होता. मला आतल्या खोलीत ऐकू आला. कपड्याची घडी घालता घालता हात थांबला. मग मी ती घडी पुरी केली आणि स्वतःला सांगितलं, डिझेलमध्ये पाणी असेल. हे मी बघून म्हटलं नाही, कंटाळूनही नाही, घाबरून म्हटलं. बाहेर जाऊन झाकण उघडायला मला दहा मिनिटं लागली असती. तुमच्याकडून शिकलेलं सगळं त्या दहा मिनिटांत माझ्या बाजूने उभं राहिलं असतं, पण मग धाकट्याला कारण सांगावं लागलं असतं, गाडी पुन्हा वाजली असती, आणि मी पुन्हा उंबऱ्याच्या आत.

मी निघायच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, तो एक भलीमोठी गाडी मागे लावून खोपोलीवरून घाट चढत होता. त्या गाडीचा मालक त्याच्या शेजारी बसला होता. नंतर धाकट्याने मला सगळं सांगितलं, एकदा नाही, पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी तो स्वतःची चूक शोधत होता. वळणावर पिकअपचा जोर एकाएकी गेला, धूर आला आणि इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो, हातब्रेक दोन गाड्यांचं वजन धरीना. तो त्या मालकाला म्हणाला, "साहेब, तुमी इकडं या, जीव खाऊन ब्रेक दाबा, मी चाकामागं दगड लावतो." खाली उतरून त्याने दगड लावला. मालकाचा पाय कमी पडला, की घामाने सरकला, कोण जाणे. चाक दगडावरून उतरलं आणि त्याच्या पायावर आलं. डावा पाय. क्लचचा पाय. मागच्या टेंपोवाल्यांनी मिळून गाडी ढकलून त्याला सोडवलं. मी पोचले तेव्हा त्याला खोपोलीच्या हॉस्पिटलात नेलेलं होतं आणि रस्त्यावर त्याची एकच चप्पल होती.

डॉक्टरांनी तीन बोटं काढली आणि पंजात सळया घातल्या. ऑपरेशन चालू असताना आई बाहेर बाकावर बसली होती आणि मी तिला सांगून निघाले की गाडी चौकात गॅरेजवर आणून टाकतात, बघून येते. दुसऱ्याच एका गाडीने पिकअप ओढत आणली, आपल्या पिकअपला कुणी ओढताना मी पहिल्यांदाच पाहिलं. गॅरेजात मी शटर अर्धं खाली घेतलं. तुम्ही कधी भरदिवसा शटर खाली घेतलं नव्हतंत. झाकण उघडलं, आणि सगळ्यात आधी काय केलं असेल मी? आठही वॉल्व्हची फट कागदावर होती तेवढी करून ठेवली. भाऊ तिकडे टेबलावर, आणि मी इथे पत्ती सरकवून माप जुळवत होते. मग हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एग्झॉस्ट वॉल्व्ह कडेला उंदराने भाकरी कुरतडावी तसा जळाला होता. चाचा शटरखालून वाकून आत आले, वॉल्व्ह हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "हे कसं झालं गं? अण्णाच्या घरात वॉल्व्ह जळला?" मी म्हटलं, "कॅम हलका निघाला, चाचा." संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकात झालं की पुण्याच्या म्हाताऱ्याने पोरीला फसवलं.

त्या म्हाताऱ्यांचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी भावाची चौकशी केली, मग हळूच विचारलं, "ताई, फट किती ठेवली होती?" मी म्हटलं, तुम्ही लिहिली तेवढीच. ते म्हणाले, "मग माझ्याच हातून काही राहिलं असेल. वय झालं आता. दुसरा पाठवतो." पाठवलाही. मी चांगला कॅम काढला आणि त्याच्या जागी चांगलाच कॅम बसवला. ऐकलंय का असं काही कधी, तुमच्या उभ्या धंद्यात? नवा वॉल्व्ह मी घरीच घासला, गॅसच्या शेगडीपासून दूर, आणि आई धाकट्याच्या पायाशी बसून म्हणत होती, "किती करतेस गं भावासाठी."

आता अडकणं कशाला म्हणतात ते मला कळलंय. पूर्वी मला वाटायचं, गाडीने अडकवलंय, धाकट्याने अडकवलंय, आणि रागवू नका, तुम्ही अडकवलंय. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर आठव्या दिवशी धाकटा म्हणाला, "ताई, तू जा. माझ्यापायी थांबू नको." मी म्हटलं, आणि गाडी? "विकू. साजगावला एका कंपनीत बसून करायचं काम हाय, मी बोललोय." मी म्हटलं, अण्णांची आहे ना? तो पायाकडे बघत म्हणाला, "अण्णांची व्हती. आता माझ्याच्यानं क्लच दाबवत नाय." बारा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. वाटलं होतं, हे ऐकलं की मी नाचेन. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आता मला थांबवणारं कुणीही नाही, आई डबा कुठला द्यायचा ते ठरवतेय, धाकट्याने एसटीची वेळ विचारून ठेवलीय, आणि माझं पाऊल उचलत नाही. दोन महिन्यांची मुदतवाढ मी मागून घेतली होती. अर्जात कारण लिहिलं, भावाचा अपघात. कारण खरं होतं, फक्त अर्धं. ती मुदत सोमवारी संपते. गेले तर तिथल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मला फट शिकवावी लागेल, पहिलं ऐकू येतं, दुसरं ऐकू येत नाही. न गेले तर इथे रोज त्याच्या पायाला तेल लावायचं आणि "किती करतेस गं" ऐकायचं. सांगितलं तर तो मला माफ करेल, अण्णा. त्याचीच तर भीती आहे. तो दोन दिवस बोलणार नाही आणि मग म्हणेल, जाऊ दे ताई. आणि त्या 'जाऊ दे'ला मी जन्मभर जाऊ देऊ शकणार नाही.

परवा गाडी जोडून मी घरी आणली, विकायची तर त्याने एकदा बघावी म्हणून. अंगणात उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. टकटक, टकटक. धाकटा ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसला होता. त्याने डोळे मिटले नाहीत. ऐकत राहिला. मग म्हणाला, "ही कागदावरची फट ना?" मी हो म्हटलं. "कॅमबी तसाच." हो. "मंग मागच्या टायमाला मुकी कशी झालती गं?" मी म्हटलं, तो कॅम हलका होता ना, म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला. तोही त्याच चुलीपाशी वाढलाय, रॉकेलचा थेंब त्यानेही पाहिलाय. मग त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बंद कर, डिझेल जळतंय." त्याला कळलं की नाही ते मला कळलेलं नाही. दोन दिवस मी त्याच्या ताटात वाढताना त्याच्या तोंडाकडे बघते आणि तो भाताकडे बघतो.

म्हणून हे लिहायला बसले. इतकी पानं लिहिली, एक शब्द खोटा नाही. बारा वर्षांत तुमच्याशी मी इतकं खरं बोलले नव्हते, तुम्ही होतात तेव्हाही नाही. आणि आता लिहून झाल्यावर दिसतंय की पत्ता चुकलाय. तुम्हाला सांगून काय होणार, तुम्ही ना रागावणार, ना विचारणार, ना जेवणाच्या ताटावरून माझ्याकडे बघणार. म्हणूनच तुम्हाला लिहिलं. ज्याला हे वाचायचा हक्क आहे तो दहा पावलांवर ओसरीत बसलाय. मघाशी काठी टेकत टेकत दारापर्यंत आला होता. "काय लिहितेस गं एवढं?" असं त्याने विचारलं, आणि मी पानावर हात आडवा ठेवून म्हटलं, रुजू अहवाल.